श्रीनगरची गोधडी-घरं

काश्मीरहून परत आलेल्या बाईला शेजारणी हमखास तीन गोष्टी विचारतात. शिकाऱ्यात बसलात का, केशर काय भावानं आणलंत, आणि शाल अस्सल आहे की यंत्रावरची? मलाही विचारल्या आणि मीही हौसेनं उत्तरं दिली. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, त्या आठ दिवसांत मी सगळ्यात जास्त मान वर करून पाहिलं ते बर्फाच्या डोंगरांकडे नाही, तर श्रीनगरच्या जुन्या वस्तीतल्या लाकडी घरांकडे. त्या घरांनी मला आणि विशेषतः माझ्या सासूबाईंना जे शिकवलं, ते आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही गेलो ते २०२३ च्या मे महिन्यात. माझ्या शाळेला सुट्टी, मुलांच्या परीक्षा संपलेल्या, आणि "मला एकदा बर्फ बघायचंय" हा सासूबाईंचा कित्येक वर्षांचा हट्ट. एका दिवशी गुलमर्गचा बेत होता, पण पहाटेपासून पावसाची रिपरिप लागली. हाउसबोटवाले काका म्हणाले, "आज पहाड में कुछ नहीं दिखेगा. चलिए, हमारा पुराना शहर देखिए." यात्रा कंपनीच्या सहलीत हा भाग बहुधा नसतो. पण दिवसभर बोटीत बसून पत्ते खेळण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही निघालो.

जुनं श्रीनगर झेलमच्या दोन्ही काठांनी वसलेलं आहे. पुलाला तिथे 'कदल' म्हणतात आणि मोहल्ल्यांना पुलांचीच नावं आहेत - हब्बा कदल, फतेह कदल, झैना कदल. त्यांतला झैना कदल पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन याने बांधवला. आताचे पूल पक्के आहेत, पण जुने पूल देवदाराचे ओंडके एकावर एक आडवे-उभे रचून केलेले असत. पुलावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना घरांची रांग दिसते. तळाशी दगडाचा चौथरा, वर बारीक विटांच्या भिंती, त्यात बसवलेली लाकडं आणि नदीवर झुकलेले लाकडी सज्जे. या सज्ज्याला 'डब' म्हणतात. चांदणं बघायला बसायची खास जागाही काही घरांत असते. खिडक्यांना लाकडी जाळ्यांची नक्षी. तिला म्हणतात पिंजरकारी. हिवाळ्यात थंडी आत येऊ नये म्हणून या जाळ्यांवर आतून कागद चिकटवायची रीत होती.

मला फार गंमत वाटली ती घर मोजायच्या रीतीची. दोन जाड खांबांमधली जी खिडकीची जागा, ती 'ताक'. घर किती मोठं, तर इतक्या ताकांचं. आपल्याकडे नाही का, जुनी माणसं पाच खणांचं घर, सात खणांचा वाडा म्हणतात? दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. हजार मैलांवरच्या माणसांनीही घर मोजायला खोल्या धरल्या नाहीत, खांबच धरले. कारण उघड आहे. घराचा जीव भिंतीत नव्हता, लाकडाच्या सांगाड्यात होता.

एका बोळात घराची दुरुस्ती चालली होती. भिंतीचा गिलावा काढलेला, त्यामुळे आतली सगळी रचना उघडी पडलेली. उभे लाकडी खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि मधून तिरक्या पट्ट्या. त्यामुळे भिंतीचे लहान लहान तुकडे पडलेले; काही चौकोनी, काही तिकोनी. प्रत्येक तुकड्यात मातीच्या चिखलात विटा बसवलेल्या. भिंत जाड म्हणाल तर फार तर अर्ध्या विटेएवढी. हाउसबोटवाले काका म्हणाले, "इसको धज्जी देवारी बोलते हैं." देवार म्हणजे दिवार, भिंत. आणि धज्जी म्हणजे कापडाची चिंधी. चिंध्या जोडून केलेली भिंत!

सासूबाई इतका वेळ छत्री धरून गप्प उभ्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "ही तर वाकळच की गं!"

आणि खरंच, तिकोनी ठिगळं, चौकोनी ठिगळं, मधून लाकडाचे टाके. आमच्या घरी आजही सासूबाईंनी शिवलेल्या वाकळी आहेत. नवं नाव गोधडी, त्यांचं नाव वाकळ. माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या बाईला जे समजायला दोन पानं वाचावी लागली असती, ते त्यांनी एका शब्दात सांगितलं.

त्याच बोळातल्या एका बाईंनी पावसात भिजलेली मुलं बघून आम्हाला आत बोलावलं. काश्मिरी माणसाचं आदरातिथ्य काही और असतं. दारात कोण, कुठले, कशाला आलात, काही चौकशी नाही. आधी आत या, बसा. गुलाबी रंगाचा मिठाचा चहा, नून चाय, आणि तंदुरातली रोटी आली. बैठक वरच्या मजल्यावर होती. मुलं धडधडत जिना चढून गेली. सासूबाई मात्र पहिल्या पायरीपाशी थांबल्या. त्यांनी वर छताकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. मला कारण ठाऊक होतं.

आमचं मूळ गाव उमरगा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे चार वाजायच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. हे तेव्हा नऊ वर्षांचे होते. आमचं घर जुनं माळवदाचं. माजघरात सागवानी खांब आणि तुळया. दगडमातीच्या भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या, पण माजघराचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि त्याखाली झोपलेली सगळी माणसं वाचली. मागची खोली मात्र नंतर वाढवलेली होती. तिला खांब नव्हते. तुळया सरळ भिंतीवर टेकवलेल्या. भिंत गेली, माळवद खाली आलं. त्या खोलीत सासूबाईंची धाकटी जाऊ झोपली होती.

तेव्हापासून तीस वर्षं सासूबाई गावी गेल्या की अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतात. उन्हाळ्यात तो पत्रा भट्टीसारखा तापतो, पण त्या माळवदाखाली अंग टाकत नाहीत. भिंती पुन्हा उभ्या केल्या, घर वापरात आहे, पण "लाकूडमाती नको, स्लॅब टाका" हे त्यांचं पालुपद. आमच्या दिरांनी तर खांब-तुळयांचा सौदाही जवळपास ठरवला होता. जुन्या सागाला हल्ली चांगली किंमत येते.

हे सगळं त्या काश्मिरी बाईंना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. त्या सासूबाईंच्याच वयाच्या. त्यांनी सासूबाईंचा दुसरा हात धरला आणि त्या २००५ च्या भूकंपाबद्दल सांगायला लागल्या. रमझानचा महिना होता, सकाळची वेळ. घर पाळण्यासारखं हललं, लाकडं करकरली, भिंतीच्या मातीचे पोपडे पडले, मडकी फुटली. पण घर उभंच. नंतर घरच्यांनी माती कालवली, भेगा लिंपल्या, झालं. "ये घर आवाज़ करता है, गिरता नहीं," असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना हिंदी फारसं येत नाही, पण एवढं समजलं. त्या जिना चढल्या. वर बसून चहा प्यायल्या आणि अर्धा तास छताकडे बघत राहिल्या. ते छतही बघण्यासारखंच होतं. लाकडाचे छोटे छोटे तुकडे एकमेकांत बसवून केलेली नक्षी. तिला खतमबंद म्हणतात.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी या विषयावर जमेल तेवढं वाचून काढलं. ८ ऑक्टोबर २००५ च्या त्या भूकंपाचं केंद्र मुझफ्फराबादजवळ होतं. पाकिस्तानच्या बाजूला सत्तर हजारांहून जास्त माणसं मेली, आपल्या बाजूला उरी आणि तंगधार भागात हजाराच्या वर. कानपूर आय. आय. टी.चे दुर्गेश राय आणि सी. व्ही. आर. मूर्ती हे प्राध्यापक पाहणीला गेले होते. दगडाची घरं मोठ्या प्रमाणावर कोसळली असताना धज्जी देवारीची घरं पुष्कळ चांगली टिकल्याचं त्यांच्या अहवालात आहे. पुढे पाकिस्तान सरकारनेही नव्या घरांसाठी ही पद्धत मान्य केली आणि हजारो कुटुंबांनी धज्जीची घरं पुन्हा बांधली. ही गोष्ट काही आज कळलेली नाही. १८८५ च्या भूकंपाच्या काळात श्रीनगरला आर्थर नीव्ह नावाचे इंग्रज डॉक्टर होते. लाकूड आणि चिखलमातीचं तीन-चार मजली घर सगळं मिळून एकदम डोलतं, तर जड आणि ताठ इमारत फाटून पडते, असं त्यांनीही नोंदवलं आहे.

हे घडतं कसं, ते गोधडीवरूनच समजून घ्यावं. साधी चादर एके ठिकाणी फाटली की टरकन शेवटपर्यंत फाटत जाते. गोधडीचं तसं नाही. एक ठिगळ फाटलं तरी फाटणं पुढच्या टाक्यापाशी थांबतं. धज्जीच्या भिंतीतही भेग पडते, पण ती त्या छोट्या चौकटीतच राहते. पुढे लाकूड आडवं येतं. मातीचा सांधा कच्चा असतो हाच इथे गुण ठरतो. विटा एकमेकींवर थोड्या घासतात, सरकतात, आणि त्या घासण्यातच धक्क्याचा जोर जिरून जातो. लाकूड वाकतं, सांध्यात थोडं हलतं आणि पुन्हा जागेवर येतं. शिवाय भिंत पातळ, म्हणजे हलकी. भूकंपात घराला बसणारा झटका घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जितकं घर जड, तितका मार जास्त.

आसामातही हेच शहाणपण दिसतं. १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथे लाकडी चौकटीत बोरूसारखं इकरा नावाचं गवत बसवून, वर माती-चुन्याचा लेप दिलेली हलकी घरं बांधायची पद्धत सगळीकडे पसरली.

मग आमच्या गावच्या घरातही लाकूड होतंच की, ते का पडलं? हा प्रश्न सासूबाईंनी विचारला आणि तोच या सगळ्याचा गाभा आहे. आमच्याकडे लाकूड आणि भिंत शेजारी-शेजारी राहत होती, पण एकमेकांना बांधलेली नव्हती. दोन-तीन फूट जाडीची दगडाची भिंत, तिचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही थर सुटून पडतात. आणि डोक्यावर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहतो म्हणून माती घालायची, पावसात गळतं म्हणून दरवर्षी आणखी घालायची. असं करत माळवद दोन-दोन फुटांचं होतं. ह्यांनी हिशेब केला. दहा बाय दहाची खोली, वर दोन फूट माती, म्हणजे दोनशे घनफूट. घनफुटाला चाळीस-पंचेचाळीस किलो धरले तरी आठ-नऊ टन. भरलेला ट्रक छतावर उभा करून आपण खाली पाळणा बांधतो! असं असूनही जिथे खांबांचा पुरा सांगाडा होता, तिथे तो पुष्कळदा उभा राहिला. म्हणजे लाकडानं जीव घेतला नाही. लाकूड होतं तिथे माणसं वाचली.

गंमत म्हणजे काश्मीरमध्येही पूर्वी छतावर माती असे. खाली भूर्जाच्या सालीचे थर, वर माती आणि त्यावर वसंतात फुलं उगवत. आता बहुतेक घरांवर पत्रे आहेत. शोभा गेली खरी, पण डोक्यावरचा भार हलका झाला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल, ही बाई काश्मीरला जाऊन लाकडाच्या प्रेमातच पडली. लाकडाचा पहिला शत्रू आग. श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदाराचे साडेतीनशेहून जास्त उंच खांब आहेत; तीही आजवर तीनदा जळून पुन्हा उभी राहिली आहे. खानयारचा दस्तगीर साहिबांचा सुंदर लाकडी दर्गा २०१२ च्या जूनमध्ये जळाला आणि नंतर पुन्हा बांधावा लागला. आपला शनिवारवाडाही १८२८ च्या आगीतच गेला. जुनी वायरिंग आणि लाकूड यांचं कधी जमत नाही. दुसरा शत्रू ओल, तिसरा वाळवी. देवदार आणि जुना साग लवकर किडत नाहीत, पण पाण्यात उभे राहिले तर तेही कुजतात. म्हणून तर आपल्या वाड्यांत खांब कधी जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभे करत. आणि चौथी अडचण पैशाची. चांगलं लाकूड महाग, झाडं तोडण्यावर बंधनं, आणि कुसू-खाचेचं काम जाणणारे सुतार कमी होत चाललेले. श्रीनगरच्या जुन्या वस्तीतही पुष्कळ घरं कुलूपबंद दिसली. कुटुंबं शहराबाहेर नव्या सिमेंटच्या घरात गेलेली.

सिमेंट वाईट असं माझं म्हणणं नाही. नीट सळया घालून, कोपरे बांधून केलेलं घर भूकंपातही टिकतं. पण नुसता स्लॅब टाकला की निर्धास्त, हा समज खरा नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या कितीतरी बहुमजली इमारती पडल्या. घर कशाचं आहे यापेक्षा त्याचे भाग एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, हे महत्त्वाचं. संसाराचंही तेच नाही का?

तुमच्यापैकी कुणाचं सासर-माहेर जुन्या लाकडी घरात असेल, तर पाडायच्या किंवा विकायच्या आधी एवढं बघा. खांबांचा तळ ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर वाळवी आहे असं समजा. खांब दगडावर आहे की मातीत बुडालाय ते तपासा. तुळई खांबावर टेकलीय की नुसती भिंतीवर, हे तर आधी बघा. भिंतीला मध्येच पोट आलं असेल तर तिच्याजवळ मुलांची अंथरुणं घालू नका. माळवदावर दरवर्षी माती चढवू नका, उलट उतरवा. विजेच्या जुन्या तारा बदलून घ्या. आणि गावातल्या गवंड्याच्या अंदाजावर न राहता जाणत्या इंजिनिअरला एकदा घर दाखवा.

किल्लारीच्या भूकंपानंतर तज्ज्ञांनी आपल्याकडच्या घरांसाठी सुचवलेले उपायही साधेच होते. माळवदाची माती उतरवून वीतभर ठेवायची, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात लाकडाची तिरकी टेकणी ठोकायची म्हणजे सांगाडा आडवा झुकत नाही, आणि दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालायचे म्हणजे तिचे दोन थर एकमेकांना धरून राहतात. काश्मीरच्या तिरक्या पट्ट्या जे काम करतात, तेच काम ही टेकणी करतात.

आमच्या घरी दिवाळीत सगळे जमले तेव्हा हा विषय निघाला. दिरांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, सागवान विकू आणि त्या पैशात स्लॅब टाकू. त्यांची बाजू चुकीची नव्हती. त्यांनाही आईची काळजीच होती. बराच वाद झाला. शेवटी सासूबाई बोलल्या, "त्या रात्री ज्या खांबांनी माझी पोरं वाचवली, ते खांब मी विकू देणार नाही. वरचा भार काढा."

मग तालुक्याच्या इंजिनिअरला बोलावून घर दाखवलं आणि त्याच्या सल्ल्यानं काम काढलं. माळवदाची माती उतरवली तेव्हा ट्रॅक्टरच्या किती खेपा झाल्या, त्या मोजायचं आम्ही सोडून दिलं. छताला आता हलका पत्रा आहे, खाली जुनाच कडीपाट. खांबांना तिरकी टेकणी लागली. बाहेरच्या भिंती छातीपर्यंत नीट बांधून घेतल्या, वरच्या भागात लाकडी चौकटी करून पातळ विटा भरल्या. मागची खोली पाडून टाकली. तिथे आता तुळस आहे. खर्च स्लॅबपेक्षा फार कमी आला असं नाही, पण लाकूड घरातच राहिलं आणि उन्हाळ्याचा गारवाही बराचसा राहिला.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी पत्र्याच्या खोलीतली आपली गादी स्वतः उचलून माजघरात आणली. पहिल्या रात्री वाऱ्यानं एक तुळई करकरली. मी दचकून उठून बसले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या जाग्याच होत्या. म्हणाल्या, "झोप गं. बोलतंय ते. बोलू दे."